कोकणातला माल त्रिपक्षीय महामार्गाने थायलंडला जाईल का?

आपण गुहागरहून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: भारत, म्यानमार आणि थायलंड यांना जोडणारा त्रिपक्षीय महामार्ग पूर्ण झाल्यावर कोकणातली सुकी मासळी, काजूगर आणि हापूस स्वतःच्या गाडीने थेट बँकॉकपर्यंत नेता येईल का, आणि त्या हिशेबाने आत्ताच कर्ज काढून दोन मोठ्या गाड्या घ्याव्यात का? न्हावा-शेवा बंदरात आणि पूर्वेकडच्या खुष्कीच्या सीमांवर सीमाशुल्काची व मालवाहतुकीची कामे करण्यात माझे व्यावसायिक आयुष्य गेले आहे, त्यामुळे मी उत्तर त्या अंगाने देत आहे. या कारणासाठी गाड्या घेऊ नयेत, हे आधीच स्पष्ट सांगतो. मात्र त्यामागची कारणे सविस्तर समजून घ्यावीत, कारण ती समजली की आपल्या मालासाठी दुसरी, अधिक जवळची वाट कोणती आहे हेही लक्षात येईल.

हा महामार्ग मणिपूरमधील मोरेह येथून सुरू होतो, तामू, कलेवा, यार्गी, मोनीवा, मंडाले, नेपिडो आणि बागो असा म्यानमार ओलांडतो आणि म्यावाडी येथे मोई नदी पार करून थायलंडमधील मे सॉटला पोहोचतो. त्याची लांबी सुमारे १,३६० किलोमीटर आहे. एप्रिल २००२ मध्ये यांगून येथे तिन्ही देशांच्या मंत्र्यांच्या बैठकीत ही कल्पना मांडली गेली. नकाशावर पाहिले तर हा बराचसा रस्ता आशियाई महामार्ग क्रमांक १ चाच भाग आहे. आशियाई महामार्गांची कल्पना त्याहून जुनी, १९५९ सालची आहे; त्याविषयीचा आंतरशासकीय करार २००३ मध्ये संमत झाला आणि जुलै २००५ पासून लागू झाला. त्या करारात मार्गांचे क्रमांक, रस्त्याचे दर्जे आणि फलक ठरले. दुसऱ्या देशाची गाडी त्या रस्त्यावरून जाऊ देण्याचे बंधन मात्र त्यात कोणावरही नाही. आपल्याकडेही ठाण्यावरून पुढे पुणे, कोल्हापूर, बेळगावमार्गे बेंगळुरूकडे जाणारा रस्ता आशियाई महामार्ग क्रमांक ४७ म्हणून नोंदलेला आहे, पण त्यामुळे त्या रस्त्यावरच्या एकाही मालमोटारीला परदेशात जाण्याचा हक्क मिळालेला नाही. महामार्गाच्या नावात ‘आंतरराष्ट्रीय’ आहे म्हणून गाडी आंतरराष्ट्रीय होत नाही, ही गोष्ट आपल्या संपूर्ण प्रश्नाच्या मुळाशी आहे.

आता रस्त्याची प्रत्यक्ष स्थिती पाहू. या १,३६० किलोमीटरपैकी बराच भाग म्यानमारचे आधीपासून वापरात असलेले रस्ते आहेत. भारताने म्यानमारच्या हद्दीत दोन कामे अंगावर घेतली: कलेवा ते यार्गी हा सुमारे १२० किलोमीटरचा रस्ता बांधणे, आणि तामू ते कलेवा या सुमारे १५० किलोमीटरच्या टप्प्यातील ६९ पूल जोडरस्त्यांसह नव्याने बांधणे. जुलै २०२३ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी एकूण प्रकल्पाचे सुमारे ७० टक्के काम पूर्ण झाल्याचे सांगितले होते, आणि आपण तोच आकडा वाचून उत्साहित झालेले दिसता. मालवाहतुकीत असा सरासरीचा आकडा कामाला येत नाही. शंभर किलोमीटर उत्तम डांबरी रस्ता आणि त्यावर एकच कमकुवत पूल असेल, तर गाडीत किती माल भरायचा हे तो पूलच ठरवतो.

तामू ते कलेवा हा टप्पा याचे चांगले उदाहरण आहे. भारताच्या सीमा सडक संघटनेने तामू, कलेम्यो, कलेवा हा १६० किलोमीटरचा मैत्री मार्ग बांधला आणि तो फेब्रुवारी २००१ मध्ये खुला झाला. रस्ता सुधारला, पण त्यावरचे पूल जुनेच राहिले. त्यांतले अनेक दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले, एकपदरी, लोखंडी सांगाड्यांचे बेली पद्धतीचे पूल आहेत. सैन्याच्या घाईच्या गरजेसाठी उभे केलेले हे सांगाडे आजच्या मालमोटारीसाठी कधीच नव्हते. ६९ नवे पूल बांधण्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०१५ मध्ये सुमारे ३७१ कोटी रुपये मंजूर केले. पुढे कंत्राट दिले गेले, ते रद्द झाले, प्रकरण न्यायालयात गेले आणि वर्षे निघून गेली. आपल्याकडे २०१८ मध्ये ॲक्सलवरील वजनाची मर्यादा वाढवण्यात आली, त्यामुळे दहा चाकी गाडीचे मालासकट एकूण अनुज्ञेय वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर गेले. ही गाडी मोरेहपर्यंत कायदेशीर आहे. पण जुन्या बेली पुलासमोर तिला निम्मा माल उतरवावा लागला, तर रत्नागिरीपासूनचा सगळा हिशेब तिथेच कोसळतो. शिवाय ॲक्सलवरचे वजन दुप्पट केले की रस्त्याची झीज साधारण सोळा पटींनी वाढते, हे रस्ते अभियांत्रिकीत दीर्घकाळ मानले गेलेले सूत्र आहे, त्यामुळे ज्या देशाला स्वतःच्या खर्चाने रस्ता राखायचा आहे तो शेजाऱ्याच्या जड गाड्यांविषयी सावध राहणारच, आणि त्यात त्याची चूक नाही.

कोकणातल्या माणसाला पुलाचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज पडू नये. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला आणि एसटीच्या दोन गाड्यांसह माणसे गेली. तो पूल तोपर्यंत रोज वापरात होता, रस्त्याच्या नोंदीत तो ‘पूर्ण’ होता. त्या जागी नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये खुला झाला. म्हणजे इच्छा, निधी आणि सुरक्षित कार्यस्थळ या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की पूल लवकर होतात. कलेवाच्या रस्त्यावर गेल्या काही वर्षांत नाही ती तिसरी गोष्ट: अभियंते आणि मजूर निर्धास्तपणे काम करू शकतील अशी जागा.

दुसऱ्या टोकाकडची स्थिती काही वर्षांपूर्वी आशादायक होती. म्यावाडीजवळच्या डोना डोंगररांगेतील जुना घाटरस्ता इतका अरुंद होता की तिथे एक दिवस एका बाजूची आणि दुसऱ्या दिवशी उलट बाजूची वाहतूक सोडली जाई. थायलंडच्या मदतीने डोंगराला वळसा घालणारा नवा रस्ता २०१५ मध्ये खुला झाला आणि हा खोळंबा संपला. मोई नदीवरचा दुसरा मैत्री पूलही २०१९ मध्ये मालवाहतुकीसाठी खुला झाला. वरंध किंवा फोंडा घाटात अडकून पडलेल्या कोणत्याही चालकाला या सुधारणेचे मोल लगेच कळेल.

वाहन चालवण्याची बाजू ही आणखी एक व्यावहारिक अडचण आहे, आणि तिचा विचार फारसा कोणी करत नाही. भारत आणि थायलंडमध्ये वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. म्यानमारने मात्र १९७० मध्ये उजव्या बाजूने चालण्याचा नियम स्वीकारला. म्हणजे आपल्या चालकाने मोरेहला बाजू बदलायची, हजाराहून अधिक किलोमीटर उलट्या बाजूने गाडी चालवायची, आणि मे सॉटला पुन्हा डाव्या बाजूला यायचे. म्यानमारमधल्या बहुतेक गाड्यांचे स्टिअरिंगही, जपानहून आलेल्या जुन्या गाड्या असल्यामुळे, उजवीकडेच असते, त्यामुळे हे अशक्य नाही. परंतु भरलेली लांब गाडी घेऊन दुपदरी घाटरस्त्यावर पुढच्या वाहनाला ओलांडताना चालकाला समोरचे दिसत नाही, आणि हा धोका विमा कंपनी हप्त्यात मोजतेच.

विम्याचा विषय निघाला आहे तर तोही इथेच सांगतो. आपल्या मोटार विम्याला अतिरिक्त हप्ता भरून भौगोलिक विस्ताराची जोड घेता येते, आणि त्या यादीत नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीव हे देश आहेत. म्यानमार आणि थायलंड त्यात नाहीत. म्हणजे तामूच्या फाटकापलीकडे अपघात झाला, तर इथली नेहमीची पॉलिसी तुमच्या बाजूने उभी राहत नाही, आणि प्रत्येक देशात वेगळा तृतीय पक्ष विमा घ्यावा लागतो. बँकेचे कर्ज असलेली गाडी विम्याच्या छत्राबाहेर नेण्यास बँक संमती देत नाही, याची आठवण कर्ज काढण्याआधी ठेवावी.

याहून मोठा प्रश्न परवानगीचा आहे. भारत, म्यानमार आणि थायलंड यांच्यात मोटार वाहन कराराचा मसुदा २०१५ च्या सुमारास चर्चेत होता, त्या वर्षी चाचणी म्हणून वाहनांचा ताफाही इंफाळहून म्यानमारमध्ये गेला होता, पण कराराला अंतिम रूप आलेले नाही. असा करार नसेल तर एका देशाची मालमोटार दुसऱ्या देशात सीमेलगतच्या ठरलेल्या वखारीपर्यंतच जाते. तिथे माल उतरवायचा, हमाली आणि वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी) मोजायची, दुसऱ्या देशाच्या गाडीत पुन्हा भरायचा, आणि आपली गाडी रिकामी परत आणायची. पेट्रापोल-बेनापोल या भारत-बांगलादेश सीमेवर हे रोज घडते. सरकारी जमिनी बंदर तिथे आहे, दोन्हीकडे रस्ता आहे, व्यापार प्रचंड आहे, आणि तरीही गाड्या बनगावच्या आसपास अनेक दिवस रांगेत थांबतात, कारण माल उतरवून घेण्याची क्षमता रांगेपेक्षा कमी पडते. तिथे उभे राहून मी पाहिले आहे की चालकाचे पगार, डिझेल आणि पार्किंग यांपेक्षा जास्त नुकसान गाडी उभी राहिल्याने होते.

बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ या चार देशांनी १५ जून २०१५ रोजी थिंफू येथे मोटार वाहन करार केला. कोलकात्याहून ढाकामार्गे आगरतळ्यापर्यंत चाचणीची मालवाहतूकही त्याच वर्षी झाली, आणि सिलिगुडीमार्गे दीड हजार किलोमीटरहून अधिक असलेले अंतर सुमारे साडेसहाशे किलोमीटरवर आले. पण २०१६ मध्ये भूतानच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने करार नाकारला आणि उरलेल्या तीन देशांत नियमावलीची बोलणी पुढे रेंगाळली. दोन देशांचे पंतप्रधान उपस्थित राहून चाचणीच्या गाडीला हिरवा झेंडा दाखवतात तेव्हा तिच्या मागे पन्नास अधिकारी असतात. दुसऱ्या दिवशी येणाऱ्या सामान्य मोटार मालकाच्या गाडीमागे कोणी नसते. म्हणून चाचणीच्या बातमीवर व्यवसायाचा निर्णय घेऊ नये, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

सीमेवर माल न उतरवता गाडी पुढे जाण्याची व्यवस्था कशी असावी, याचे देशांतर्गत उदाहरण कोकणातच आहे. २६ जानेवारी १९९९ पासून कोकण रेल्वेने कोलाड ते गोव्यातील वेर्णा अशी ‘रोरो’ सेवा सुरू केली: भरलेली मालमोटार तशीच रेल्वेच्या सपाट वाघिणीवर चढते, चालक सोबत असतो, आणि घाट, खड्डे व नाके टाळून गाडी पलीकडे उतरते. मालाला कोणी हात लावत नाही. देशांच्या सीमेवर याच तत्त्वाची व्यवस्था म्हणजे १९७५ चा टीआयआर करार. त्यात मालाची पेटी निघण्याच्या ठिकाणी मोहोरबंद होते, वाटेतल्या देशांचे सीमाशुल्क अधिकारी फक्त मोहोर आणि कागद तपासतात, आणि शुल्क बुडाल्यास भरपाईची हमी एका आंतरराष्ट्रीय साखळीकडे असते. भारतात ती जबाबदारी फिक्की या उद्योग-व्यापार संघटनेकडे आहे. भारत २०१७ मध्ये या करारात सामील झाला. परंतु वाटेतला प्रत्येक देश सहभागी असेल आणि त्याचे सीमाठाणे तयार असेल, तरच ही साखळी चालते. मोरेह ते मे सॉट या वाटेवर ती आज चालू नाही.

राजकीय आणि सुरक्षेची परिस्थिती मी थोडक्यात सांगतो, कारण ती वर्तमानपत्रांतून आपण वाचलीच आहे. मोरेहचे एकात्मिक तपासणी नाके जानेवारी २०१९ मध्ये उद्घाटित झाले. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे सीमा बंद झाली. १ फेब्रुवारी २०२१ रोजी म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि त्यानंतर सगाइंग प्रांत, म्हणजे नेमका तामू-कलेवाचा प्रदेश, संघर्षाचे केंद्र बनला. मे २०२३ पासून मणिपूरमध्ये हिंसाचार उसळला. फेब्रुवारी २०२४ मध्ये भारताने सीमेवरील मुक्त संचाराची सवलत रद्द करण्याचे जाहीर केले. आणि एप्रिल २०२४ मध्ये म्यावाडीसाठी लढाई झाली. म्हणजे महामार्गाची दोन्ही तोंडे एकाच काळात अशांत झाली.  

रस्ता आणि पूल शाबूत असूनही एका अधिसूचनेने वाहतूक कशी बदलते, याचे उदाहरण मात्र कोकणच्या दारातले आहे. १७ मे २०२५ रोजी भारताने बांगलादेशातून येणारे तयार कपडे खुष्कीच्या मार्गाने आणण्यास बंदी केली आणि ते फक्त न्हावा-शेवा आणि कोलकाता या सागरी बंदरांतून येतील असे ठरवले. काल पेट्रापोलला ट्रकने येणारा माल आज उरणच्या बंदरात कंटेनरने उतरू लागला. ज्यांनी त्या खुष्कीच्या वाटेवर गाड्या कर्जाने घेतल्या होत्या, त्यांचे हप्ते मात्र त्याच तारखांना देय राहिले.

समजा हे सगळे सुटले, पूल झाले, करार झाला, शांतता आली. तरीही अंतराचा हिशेब उरतो. गुहागरहून गुवाहाटीमार्गे मोरेह सुमारे साडेतीन हजार किलोमीटर आहे. त्यात सिलिगुडीजवळची, सर्वांत अरुंद ठिकाणी जेमतेम वीस-बावीस किलोमीटर रुंदीची पट्टी आणि पुढे दिमापूर-कोहिमा-इंफाळचा दरडींचा रस्ता येतो. मोरेहहून मे सॉट १,३६० आणि तिथून बँकॉक सुमारे पाचशे किलोमीटर. एकूण अंतर पाच हजार चारशेच्या घरात जाते. भरलेल्या गाडीला दिवसाला तीनशे-साडेतीनशे किलोमीटर धरले, तर दोन सीमांवर काहीही न थांबता सोळा-सतरा दिवस लागतात. न्हावा-शेव्याहून थायलंडच्या लेम चबांग बंदरात कंटेनर साधारण दोन आठवड्यांत पोहोचतो, आणि त्या एका जहाजावर हजारो कंटेनर असल्यामुळे प्रत्येक टनामागचे भाडे रस्त्याच्या कितीतरी खाली राहते. किनाऱ्यावर राहणाऱ्याने समुद्राकडे पाठ करून पाच हजार किलोमीटर रस्ता धुंडाळण्यात आर्थिक शहाणपण नाही. इतिहासही हेच दाखवतो. १८८५ मध्ये पदच्युत झालेला मंडालेचा राजा थिबा रत्नागिरीला आला तो जहाजाने, आणि रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांना १९०८ मध्ये मंडालेला नेले तेही जहाजानेच. आज हा महामार्ग ज्या मंडालेवरून जातो, त्या शहराशी रत्नागिरीचे नाते तेव्हापासून सागरी मार्गाचेच आहे.

मालाच्या जातीचाही विचार करा. थायलंड स्वतः आंब्याचा मोठा निर्यातदार आहे. हापूसला तिथे फार वरच्या थरातले थोडे ग्राहक मिळतील, आणि ते विमानाचे भाडे देणारे असतील. काजूगराच्या बाबतीत थायलंडच्या शेजारच्या परिसरात व्हिएतनाम आहे, आणि तो जगातला सर्वांत मोठा काजूगर निर्यातदार आहे. या दोन्ही मालांना बँकॉकची बाजारपेठ रस्त्याने गाठणे म्हणजे विहिरीकडे पाणी वाहून नेण्यासारखे आहे.

रस्ता दोन्ही दिशांनी चालतो, आणि या बाजूने कोकणाने अधिक जागरूक असायला हवे. म्यानमारमध्ये सुपारी मोठ्या प्रमाणात पिकते आणि ती ईशान्येकडच्या डोंगराळ सीमांवरून चोरट्या मार्गाने भारतात येत राहिली आहे. सुपारीवर आपल्याकडे १०० टक्के मूळ सीमाशुल्क आहे, आणि फेब्रुवारी २०२३ पासून किलोमागे ३५१ रुपयांपेक्षा कमी किमतीच्या सुपारीची आयात होऊ शकत नाही; शुल्क जितके मोठे तितका चोरट्या व्यापाराचा मोह मोठा. श्रीवर्धन, मुरूड, दापोली आणि आपल्या गुहागरच्या वाड्यांमधल्या बागायतदारांना भावातली घसरण जाणवते तेव्हा तिचे एक कारण हजारो किलोमीटर दूरच्या त्या वाटांवर असते. उद्या महामार्ग खुला झाला, तर मोरेहच्या नाक्यावर मालाच्या उगमाचे दाखले तपासण्याची आणि नमुने परीक्षण करण्याची व्यवस्था किती काटेकोर असेल, हा प्रश्न कोकणातल्या सुपारी संघांनी आत्ताच विचारला पाहिजे. माझ्या मते या महामार्गाशी कोकणचा सर्वांत थेट संबंध आंब्याचा नसून सुपारीचा आहे.

आता आपल्या सुक्या मासळीकडे येतो, कारण आपल्या प्रश्नातला खरा व्यवसाय तिथे आहे. आसाममध्ये गुवाहाटीच्या पूर्वेला जागीरोड येथे सुक्या मासळीची फार मोठी बाजारपेठ आहे, आणि पश्चिम किनाऱ्यावरचा माल तिथे नियमित जातो. तिथून तो नागालँड, मणिपूर, मिझोरम, त्रिपुरा असा पसरतो. बोंबील, जवळा, मांदेली, सुका बांगडा यांना त्या भागात कायमचा ग्राहक आहे, आणि या बाजारासाठी कोणताही आंतरराष्ट्रीय करार, परदेशी विमा किंवा सीमाशुल्काचा कागद लागत नाही. गुहागरहून जागीरोड सुमारे तीन हजार किलोमीटर आहे. मोरेहकडे जाणाऱ्या वाटेचा बहुतांश भाग हाच असल्यामुळे, इथे तयार केलेले संबंध पुढे कधी सीमा उघडली तर वाया जाणार नाहीत.

या वाटेसाठीही सुरुवातीला गाडी विकत घेऊ नये. सुकी मासळी वजनाने हलकी आणि आकारमानाने मोठी असते, त्यामुळे गाडी वजनाआधी जागेने भरते. जास्त टनांची गाडी घेऊन तिची अर्धी क्षमता वाया जाते. गासड्या दाबून बांधल्या, आतून ओल न धरणारे अस्तर लावले, तर त्याच गाडीत बराच अधिक माल बसतो आणि यात केलेला खर्च गाडीच्या हप्त्यापेक्षा लवकर वसूल होतो. दुसरा मुद्दा परतीच्या भाड्याचा. ईशान्येकडून चहा, आले, बांबू यांची परतीची भरती मिळते, पण ती मिळवून देणारा हुंडेकरी, म्हणजे मालवाहतुकीचा दलाल, तिथे ओळखीचा असावा लागतो; ती ओळख नसेल तर गाडी गुवाहाटीत आठवडाभर उभी राहते किंवा रिकामी निघते, आणि जाण्याचा सगळा नफा येण्यात जातो. म्हणून निदान दोन हंगाम भाड्याच्या गाडीने माल पाठवून पाहावा, तोही गावातल्या तीन-चार व्यापाऱ्यांनी मिळून पूर्ण गाडी भरून.

कागदांत तीन गोष्टींवर लक्ष ठेवावे. ई-वे बिलाची, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन वाहतूक पत्राची, मुदत साध्या मालासाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी असते, म्हणजे जागीरोडपर्यंत साधारण पंधरा दिवस मिळतात. दरड कोसळून किंवा बंदमुळे गाडी अडकली तर मुदत संपण्याच्या आगेमागे आठ तासांतच ती वाढवून घ्यावी लागते, आणि चालकांना हे माहीत नसते. नागालँड आणि मणिपूरमध्ये जाणार असाल तर चालक व क्लीनर दोघांचे इनर लाइन परमिट, म्हणजे त्या राज्यांत प्रवेशाचा परवाना, आधी काढून ठेवावे. आणि पुढे कधी निर्यात करायची असेल तर आयात-निर्यात संकेतांक आणि समुद्री उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणाची नोंदणी या दोन्ही गोष्टी आत्ताच, काम नसताना करून घ्याव्यात. थायलंडचा ग्राहक मिळालाच तर सुरुवातीला पूर्ण कंटेनर घेण्याचीही गरज नाही. न्हावा-शेव्याला अनेक निर्यातदारांचा माल एका कंटेनरमध्ये भरून पाठवण्याची सोय आहे.

महामार्गाविषयीच्या बातम्या जरूर वाचत राहाव्यात, पण त्यांतल्या दोनच गोष्टी नोंदवून ठेवाव्यात: तामू-कलेवा टप्प्यातील ६९ पूल किती भारासाठी खुले झाले, आणि तीन देशांच्या मोटार वाहन करारावर सह्या होऊन त्याची नियमावली प्रसिद्ध झाली का. टक्केवारी, पाहणी दौरे आणि मोटार रॅली यांनी आपल्या हिशेबात फरक पडत नाही.

हंगामाचा शेवटचा मुद्दा राहिला. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, आणि सुकवणीचा चांगला माल त्याआधीच तयार होतो. याच सुमारास, बहुधा आणखी थोडे आधी, ईशान्येकडे पाऊस लागतो आणि कोहिमा-इंफाळच्या रस्त्यावर दरडी सुरू होतात. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात निघालेली गाडी कोकणातला आणि आसामातला असा दोन्हीकडचा पाऊस झेलते व गासड्यांना बुरशी धरते. म्हणून पूर्वेकडची शेवटची गाडी एप्रिलच्या अखेरीस निघेल अशा बेताने मालाची खरेदी फेब्रुवारी-मार्चमध्येच उरकावी, आणि उरलेला माल पावसाळ्यात कोकणातल्याच आठवडी बाजारांसाठी राखून ठेवावा; त्या दोन महिन्यांत ताजी मासळी नसल्यामुळे इथेही भाव चांगला मिळतो.